माझी एमजीबी ल माँला गेलीच नव्हती

लिहीन लिहीन म्हणता दीड वर्ष गेलं. त्या जुन्या गाडीचं पुढे काय झालं, कुणाची होती ते कळलं का, असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. लांबेल, आधीच सांगतोय.

गाडी म्हणजे १९६४ ची एमजीबी, ब्रिटनच्या एमजी कंपनीची. उघडी, दोन सीटची, लालभडक. पण नेहमीच्या एमजीबीसारखी नाही. पुढचं नाक लांबवून खाली झुकवलेलं, हेडलाइट आत आणि त्यांच्यावर पारदर्शक कव्हर, सीटच्या मागे रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा दांडा), आणि बॉनेट उघडलं की मूळच्या दोन एसयू कार्ब्युरेटरच्या जागी एकच दांडगा वेबर. विकणारा माणूस बोलायला इतका गोड की त्याच्याकडून मी बंद पडलेला टोस्टरसुद्धा आनंदाने घेतला असता. तो म्हणाला ही साधी गाडी नाही, एमजीच्या ॲबिंग्डनच्या फॅक्टरीतच रेसिंगसाठी बनवलेली आहे, फ्रान्समधल्या ल माँच्या रेसला गेलेल्या गाड्यांच्या जोडीची, फक्त कागद मधल्या एका मालकाकडून हरवले. मग त्याने खिशातून लोहचुंबक काढला, नाकाला लावला, चिकटला नाही. बॉनेटला लावला, चिकटला नाही. "बघा, ॲल्युमिनियम! हे फक्त रेसच्या गाड्यांना असायचं." मी मान डोलावली. ही मान मला पुढे बरेच महिने आठवत राहिली.

आता ल माँचं नाव ऐकून मी का पाघळलो ते सांगायला हवं. एमजीबी हा तसा सामान्य माणसाचा स्पोर्ट्सकार. १९६२ ला आला, १९८० मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत बनत राहिला, एकूण पाच लाखांच्या वर गाड्या झाल्या म्हणजे दुर्मिळ वगैरे अजिबात नाही. पण कंपनीने १९६३, ६४ आणि ६५ अशी तीन वर्षं एकेक एमजीबी ल माँच्या चोवीस तासांच्या रेसला पाठवली होती, लांब झुकलेलं नाक लावून. पहिल्या वर्षी तर गाडी मुल्सानच्या वळणावर वाळूत रुतली, ड्रायव्हरने तासाभराहून जास्त वेळ एकट्याने वाळू उपसून ती बाहेर काढली आणि तरी बारावा नंबर आला. असली गोष्ट ज्या गाडीच्या नात्यातली आहे ती गाडी आपल्या दारात उभी असणार, मग डोकं चालतंय कुठे.

घरी आणल्यावर बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवली. मी म्हटलं आता हिचा सगळा इतिहास शोधून काढणार. बाबा चहा पीत होते, म्हणाले, "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात, त्यात आता जुनी गाडीही घाल."

पहिला महिना मी फक्त पुरावा गोळा करत होतो, म्हणजे माझ्या मनातलं जे आधीच ठरलं होतं त्याला आधार. आणि एकेक आधार असा निसटत गेला की काय सांगू.

बॉनेटपासून सुरुवात. माझ्या ओळखीचा एक म्हातारा मेकॅनिक आहे, आयुष्यभर याच गाड्या केल्या त्याने, त्याला मी मोठ्या ऐटीत सांगितलं की बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे. तो म्हणाला हो, असणारच, साठच्या दशकातल्या सगळ्याच एमजीबींना कारखान्यातूनच ॲल्युमिनियमचं बॉनेट यायचं, लोखंडी नंतर आलं. बरं, मग नाक? त्याने नाकावर बोटाने टकटक केलं, खालच्या कडेला नखाने रंग खरवडला, आतून पांढरे केसासारखे तंतू. फायबरग्लास. लोहचुंबक फायबरलाही चिकटत नाही हे शाळेतल्या पोरालाही कळतं, मला कळलं नव्हतं. अशी तयार नाकं आजही विकत मिळतात म्हणे.

मग नंबर प्लेट. इथे इंग्लंडमध्ये जुन्या नंबरात गाडी कुठल्या भागात नोंदवली ते अक्षरांत असायचं, तीन अक्षरांपैकी शेवटची दोन त्या जिल्ह्याची, आणि आकड्यांनंतरचं एक अक्षर वर्षाचं, बी म्हणजे १९६४. ॲबिंग्डन तेव्हा बर्कशायरमध्ये होतं, त्यामुळे कंपनीच्या रेसच्या गाड्यांना बर्कशायरची अक्षरं दिसतात. ल माँच्या तिन्ही गाड्यांचे नंबर बघा, ७ डीबीएल, बीएमओ ५४१बी, डीआरएक्स २५५सी, बीएल, एमओ, आरएक्स सगळी बर्कशायरची. माझ्या गाडीची शेवटची दोन अक्षरं यूवाय, म्हणजे वूस्टरशायर. मी तरीही स्वतःला समजावलं की असेल एखादी वेगळी नोंदवलेली.

वेबरने शेवटचा खिळा ठोकला. कार्ब्युरेटरवरचं काळं पुसलं तर खाली अक्षरं निघाली, स्पेनमध्ये बनवलेला. वेबर मूळचा इटलीतला, बोलोन्याचा. स्पेनमध्ये हे कार्ब्युरेटर बनायला लागले ते नव्वदच्या दशकात. म्हणजे १९६४ च्या रेसच्या गाडीला तीस वर्षांनी जन्मलेला कार्ब्युरेटर. बायको शेजारी उभी होती, तिने फक्त "अच्छा" म्हटलं. त्या एका शब्दात बरंच काही होतं.

तरीही एक आशा होती, गेडनचं सर्टिफिकेट. गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, तिथे बऱ्याच जुन्या ब्रिटिश कंपन्यांची उत्पादनाची मूळ रजिस्टरं ठेवलीत. तुम्ही चॅसी नंबर आणि गाडी तुमचीच असल्याचा पुरावा पाठवला की ते नोंद शोधून हेरिटेज सर्टिफिकेट देतात, गाडी कधी बनली, मूळ रंग कुठला, आतलं रेक्झिन कुठलं, इंजिन नंबर काय, काय काय ऑप्शन लावले, कुठे पाठवली. (एमजीबीला खरं तर वेगळी चॅसी नाहीच, बॉडी आणि सांगाडा एकच, पण सगळे चॅसी नंबरच म्हणतात.) माझा नंबर जीएचएन३ ने सुरू होतो. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे इंजिनाचा गट, एन म्हणजे दोन सीटची उघडी गाडी, ३ म्हणजे पहिल्या प्रकारची एमजीबी. हे मला तोपर्यंत पाठ झालं होतं, झोपेतही सांगितलं असतं.

सर्टिफिकेट आलं. जून १९६४. रंग आयरिस ब्लू.

आयरिस ब्लू म्हणजे फिकट, थोडा राखाडीकडे झुकणारा निळा. अतिशय सोज्वळ रंग. कंपनीच्या रेसच्या गाड्या लाल असायच्या, टार्टन रेड. आणि ऑप्शनमध्ये काय होतं सांगू? हीटर. तेव्हा हीटर वेगळे पैसे देऊन घ्यावा लागायचा. ल माँला जायला निघालेली गाडी कुणी हीटर लावून मागवत नाही. इंजिन नंबर १८जीए ने सुरू होणारा, म्हणजे तीन मेन बेअरिंगचं जुनं इंजिन, आणि माझ्या गाडीतल्या ब्लॉकवरच्या पट्टीवर लिहिलं होतं १८व्ही, जे १९७१ नंतरचं, पाच बेअरिंगचं. म्हणजे मूळ इंजिनही गेलेलं. हे सर्टिफिकेट जन्मदाखल्यासारखं असतं, गाडी कारखान्याच्या गेटबाहेर पडेपर्यंतच सगळं त्यात, पुढे तिचं कुणी काय केलं त्याचा एक शब्द नाही. आणि माझ्या गाडीचं जे काय झालं होतं ते सगळं पुढेच झालं होतं.

त्यानंतर दोन महिने मी गॅरेजकडे फिरकलो नाही. राग विकणाऱ्यावर नव्हता, त्यालाही कदाचित कुणीतरी हेच सांगितलं असेल. राग मला स्वतःचा आला होता. सगळे सल्ले देत होते की आता सगळं काढून टाक, जुनं इंजिन शोध, आयरिस ब्लू रंग मार, कारखान्यातून निघाली तशी कर, निदान किंमत तरी येईल. मीही तेच ठरवलं आणि हिवाळ्यात गाडी खोलायला घेतली.

मजा इथून सुरू होते. कारण इतके दिवस मी गाडीला विचारत होतो की तू ल माँची आहेस का, आणि ती बिचारी नाही नाही म्हणत होती. खोलायला घेतल्यावर पहिल्यांदा मी गप्प बसून बघायला लागलो.

आधी रंग. डिकीच्या आत, दरवाजाच्या कडांना, डॅशबोर्डच्या मागे पॉलिश पेपरने हळूहळू घासत गेलो. वर लाल, त्याखाली गडद हिरवा, त्याखाली निळा. सगळीकडे हाच क्रम, कांद्याच्या पाकळ्या सुटाव्यात तसा. फक्त पुढची डावी विंग, म्हणजे चाकावरचा पत्रा, वेगळी. तिथे वरच्या लालखाली परत लालच, जरा वेगळ्या छटेचा, आणि त्याखाली सरळ प्रायमर. निळा नाही, हिरवा नाही. मी वहीत लिहून ठेवलं, डावी विंग बाहेरची, आणि विसरून गेलो. एमजीबीच्या पुढच्या विंग बोल्टने बसवलेल्या असतात, ॲक्सिडेंट झाला की बदलायला सोप्या, त्यामुळे यात विशेष काही वाटलं नाही.

मग नाक उतरवलं. ज्याने बसवलं त्याने दोन्ही विंगांची पुढची टोकं कापून टाकली होती, ते बघून पोटात खड्डा पडला. नाकाच्या आतल्या बाजूला रेझिनमध्ये चिकटलेला एक कागदाचा तुकडा, त्यावर साचा आणि १९९८ साल. म्हणजे नाक १९९८ चं. पण नाकामागे, इतकी वर्षं झाकलेली, एक लोखंडी पट्टीची ब्रॅकेट निघाली, खालच्या बाजूला दोन बोल्टने घट्ट बसवलेली, काळा मॅट रंग, आणि तिला उभं काहीतरी अडकवायची दोन भोकं. बंपरची नाही, दिव्याची नाही, टो करायची तर मुळीच नाही. मी फोटो काढून मेकॅनिकबाबांना दाखवला. ते चष्मा वर करून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "टायमिंग स्ट्रट."

हे मला नवीन होतं. हिलक्लाइम्ब म्हणून एक प्रकार असतो, डोंगराच्या अरुंद रस्त्यावरून एकेक गाडी सोडतात, घड्याळाशी शर्यत. शेल्सली वॉल्शला १९०५ पासून चालू आहे, अजूनही त्याच रस्त्यावर, हजार यार्डांचा चढ, आणि ते वूस्टरशायरमध्ये आहे! प्रिस्कॉट दुसरं, तिथे बुगाटीवाल्यांचा क्लब १९३८ पासून भरवतो. तिथे वेळ मोजायला प्रकाशाचा किरण असतो, तो प्रत्येक गाडीने सारखाच कापावा म्हणून पुढे एक उभी काळी पट्टी लावावीच लागते. ती ही पट्टी. म्हणजे गाडी खरंच स्पर्धेत उतरली होती! ल माँला नाही, पण उतरली होती. आणि गंमत म्हणजे खोट्या रेसिंग नाकाने खऱ्या रेसिंगचा पहिला पुरावा वीसेक वर्षं झाकून ठेवला होता.

मग मी वेड्यासारखा शोधत सुटलो. मूळच्या एमजीबीत सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि अर्थिंग पॉझिटिव्ह. माझ्या गाडीत एकच बारा व्होल्टची, अर्थिंग निगेटिव्ह केलेली, डायनामोच्या जागी अल्टरनेटर, आणि बॅटरीच्या अर्थ वायरला पिवळी चिकटपट्टी गुंडाळलेली. ही पट्टी मी आधी दहादा पाहिली होती, वाटलं कुणीतरी जुगाड केलाय. तर ब्रिटनमधल्या स्पर्धांच्या नियमात अर्थ वायर पिवळ्या खुणेने दाखवावी लागते, अपघात झाला तर मार्शलला, म्हणजे ट्रॅकवर मदतीला असतो त्या माणसाला, पटकन कापता यावी म्हणून. अल्टरनेटर लुकसचा, म्हणजे गाड्यांचे इलेक्ट्रिकचे पार्ट बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचा. लुकसच्या वस्तूंवर बनवल्याची तारीख ठोकलेली असते हे फार कामाला येतं, जुनी गाडी असेल तर आधी हे बघा. माझ्यावर होतं २० ७४, म्हणजे १९७४ चा विसावा आठवडा. वायपर मोटर मात्र १९६४ चीच, ती बिचारी तेव्हापासून इमानेइतबारे तिथेच.

इंजिन उतरवल्यावर अजून एक रत्न मिळालं. गिअरबॉक्स जुनाच होता, ज्याच्या पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून असतो तो) नसतो तसा, आणि इंजिन नंतरचं. या दोघांचं सरळ जमत नाही, क्रँकच्या टोकाच्या भोकात गिअरबॉक्सचा शाफ्ट ज्या बुशमध्ये फिरतो त्याचं माप वेगळं. तिथे एक पितळी बुश बसवलेला, लेथवर कुणीतरी हाताने बनवलेला, इतका सुबक की मी तो रुमालात गुंडाळून घरात आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. बायको म्हणाली, "अरे, हे काय दागिना आहे का?" मी म्हटलं जवळपास. हेड उघडलं तर पिस्टन साठ थाउ ओव्हरसाइज (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, मोजला, हिशोब केला, १७९८ सीसीचं इंजिन १८६८ सीसी झालेलं.

आणि पेडल. हे मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. गाडी घेतल्यापासून मला ती नीट चालवताच येत नव्हती, गुडघे स्टिअरिंगला आपटायचे. विकणारा म्हणाला होता रेसिंग पोझिशन अशीच असते. पेडलांवर ॲल्युमिनियमचे ठोकळे बोल्ट केलेले, दीड-दोन इंच जाड, आणि सीटच्या रेलसाठी फ्लोअरला पुढे नवी भोकं पाडलेली. मी वैतागून ते काढायला बसलो होतो तर बायको सहज आत बसली. पाय बरोबर पोचले, हात बरोबर पोचले. ती पाच फुटांना एखादा इंच कमी आहे. ती म्हणाली, "ही गाडी बाईने चालवलीय."

मी म्हटलं, किंवा बुटक्या पुरुषाने. पण तिचं बरोबर होतं.

आता नाव शोधायचं. वाहन नोंदणीकडून जुन्या मालकांची नावं केवळ हौस म्हणून मिळत नाहीत, खाजगी माहिती असते, नियमच आहे. गाडीच्या वार्षिक तपासणीची नोंद ऑनलाइन दिसते पण ती २००५ नंतरची, त्यात फक्त मायलेज आणि टायर झिजलाय वगैरे. म्हणून मी जुन्या हिलक्लाइम्बचे छापील कार्यक्रम शोधायला लागलो. स्पर्धेच्या दिवशी पातळ पुस्तिका विकतात, त्यात प्रत्येक स्पर्धकाचं नाव, गाडी, सीसी, कुठल्या वर्गात, सगळं. जुन्या गाड्यांच्या पार्टचा बाजार भरतो त्याला इथे ऑटोजंबल म्हणतात, तिथे खोकीच्या खोकी पडलेली असतात, सगळ्यांना पार्ट हवे असतात, कागद कुणालाच नको. मी चार ऑटोजंबल फिरलो. बोटं काळी, पाठ मोडलेली. एमजीबी तर शेकड्याने सापडत होत्या, पण सगळ्यांपुढे १७९८ किंवा १९५० असले आकडे.

चौथ्या ठिकाणी, १९७७ च्या एका पुस्तिकेत: मिसेस अमुकतमुक, एमजी बी, १८६८.

मी ते पान बायकोला दाखवलं. तिने काही म्हटलं नाही, नुसती बघत राहिली माझ्याकडे. ते जास्त झोंबलं.

ज्या क्लबची ती स्पर्धा होती त्यांना पत्र लिहिलं की या बाईंचा पत्ता मला देऊ नका, फक्त माझं पत्र त्यांच्यापर्यंत पोचवता आलं तर पोचवा. पत्रात गाडीचा नंबर लिहिला, फोटो घातला, आणि मुद्दाम बाकी काहीच लिहिलं नाही. हे मला अनुभवाने शिकवलं होतं, कारण आपण जे सांगतो तेच समोरचा प्रेमाने परत सांगतो. सात आठवडे काही नाही. मग एक पाकीट आलं, हाताने लिहिलेलं, वळणदार अक्षर, आणि पहिलंच वाक्य असं की, पेडलांवरचे ठोकळे अजून आहेत का?

आम्ही दोघं भेटायला गेलो. आजी ऐंशीच्या पुढच्या, अंगाने एवढ्याशा, आवाज खणखणीत. त्यांनी गाडी १९७२ ला घेतली, तेव्हा ती हिरवी होती. नवरा टूलरूममध्ये कामाला, आता नाहीत. जुन्या इंजिनाचं बेअरिंग गेलं तेव्हा भंगारवाल्याकडून एका ठोकलेल्या एमजीबीचं इंजिन आणलं, बुश त्यांनीच दुपारच्या सुट्टीत लेथवर बनवला, ठोकळेही त्यांनीच. मी खिशातून बुश काढून दिला. आजींनी तो बोटात फिरवला, उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "त्याने तीन बिघडवले होते, हा चौथा."

मग मी विचारलं, लाल रंग का दिला? मला अजूनही आत कुठेतरी वाटत होतं की ल माँच्या गाड्यांसारखी दिसावी म्हणून असेल. आजी हसायलाच लागल्या. १९७६ ला प्रिस्कॉटला गाडी कडेच्या मातीच्या बांधावर चढली, डावी विंग चेपली. भंगारात एकच विंग मिळाली, ती लाल होती. हिरव्या गाडीला लाल विंग, एक सीझन तशीच चालवली, लोक हसायचे. मग हिरवा रंग जुळवत बसण्यापेक्षा उरलेली गाडी विंगेला जुळवली. बस, एवढंच.

डावी विंग! माझ्या वहीत लिहिलेली. मी उठून उभाच राहिलो, आजींना वाटलं मला काही झालं की काय.

त्यांनी एक फोटो दाखवला, लाल गाडी, साधं नाक, पुढे ती काळी पट्टी, आणि आत स्टिअरिंगच्या वर जेमतेम दिसणारं हेल्मेट. शेल्सलीला चाळीस सेकंदांच्या आत कधी येता आलं नाही ही खंत अजून आहे त्यांना. एसयू कार्ब्युरेटरच ठेवले होते, वेबर परवडत नव्हता. १९८१ ला मुलांच्या शिक्षणासाठी गाडी विकली. लांब नाकाचा फोटो मी दाखवला तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या बदकासारखं दिसतंय.

मग पुढचं साधारण जुळवता येतं. १९९८ च्या सुमाराला कुणीतरी हौसेने ल माँसारखं नाक लावलं, वेबर लावला, त्यात खोटं काही नव्हतं, त्याला तशी दिसायला हवी होती. त्याने पुढच्याला सांगितलं असेल ल माँसारखी. त्याने पुढच्याला, ल माँवाली. माझ्यापर्यंत येईतो ती ल माँला जाऊन आली.

आता गाडी कशी करायची हा प्रश्न होताच. आयरिस ब्लू मी रद्द केला. निळी ती फार तर आठ वर्षं होती आणि त्या वर्षांतलं मला काहीच माहीत नाही, मग तेवढ्यासाठी बुश, पिस्टन, ठोकळे सगळं फेकून द्यायचं? इथे माझी बऱ्याच जाणकारांशी भांडणं झाली, त्यांच्या मते कारखान्याने केलं ते खरं आणि बाकी सगळी बिघडवाबिघडवी. असेल. मी विंगांची टोकं परत जोडून घेतली, साधं नाक बसवलं, लालच ठेवली, आणि डिकीत एका कोपऱ्यात हाताच्या तळव्याएवढी जागा तशीच सोडली जिथे निळा, हिरवा, लाल तिन्ही दिसतात. वेबर ठेवला. बायको म्हणाली, नाक काढलंस आणि कार्ब्युरेटर ठेवलास, हा कुठला न्याय? न्याय काही नाही, वेबर छान चालतो. नाक गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवलंय, टाकवत नाही.

१९६४ ते ७२ अजून रिकामंच आहे. हीटर लावून निळी गाडी कुणी मागवली आणि ती हिरवी कुणी केली, काही पत्ता नाही. काही जिल्ह्यांची नोंदणीची जुनी रजिस्टरं सरकारी अभिलेखागारात टिकलीत, वूस्टरशायरला पत्र टाकलंय, वाट बघतोय.

ठोकळे अर्थात काढले नाहीत, त्यामुळे गाडी मला चालवता येत नाही. बायको चालवते, मी शेजारी बसतो आणि पहिल्या गिअरला सिंक्रो नाही याची आठवण करून देतो, जी तिला लागत नाही. टायमिंगची काळी पट्टीही परत बनवून घेतली, म्हटलं फोटोतल्यासारखी दिसेल. परवा तिने विचारलं की ते डोंगरावर नवख्यांना घेतात का. मी इन्शुरन्सचे कागद शोधतोय.